आगीवर गार होणारा फ्रीज : आरव्हीत गॅस लावायचा की वीज?

जून उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत आरव्हीच्या सहलींचे बेत शिजायला लागतात. पुण्या-नाशकाहून आईबाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान ठरलेलं असतं. गाडी ताब्यात देणारा माणूस दहा मिनिटांत सगळं दाखवून मोकळा होतो. मग रात्री कुणीतरी दूध ठेवायला फ्रीज उघडतं आणि दारावरची बटणं बघून थबकतं : ‘ऑटो’, ‘गॅस’, ‘एसी’. इथल्या एसीचा थंड हवेच्या यंत्राशी संबंध नाही. ती अमेरिकेतल्या घरांच्या प्लगमधून येते तसली १२० व्होल्टची वीज. पण खरा गोंधळ गॅसचा. फ्रीजखाली आग लावली तर तो गार कसा होणार? आणि वीज हाताशी असताना गॅस कशाला जाळायचा?

(आरव्ही म्हणजे झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि छोटं न्हाणीघर असलेली मोठी गाडी, किंवा गाडीमागे ओढायचा तसाच ट्रेलर.)

उत्तर आधीच सांगून टाकतो. या फ्रीजला गॅसही नको असतो आणि वीजही. त्याला हवी असते फक्त एका ठरावीक जागी ठरावीक उष्णता. ती ज्योतीने दिली काय नि कॉइलने दिली काय, आतल्या नळ्यांना फरक कळत नाही. ‘गॅसवर चांगला की विजेवर’ हा वाद म्हणजे खरं तर उष्णता पुरेशी पोचते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

## घरच्या फ्रीजहून हा वेगळा

घरच्या फ्रीजमागे घरघरतो तो कंप्रेसर. तो वायू दाबतो, वायू पातळ (म्हणजे द्रव) होतो, पुढे सुटला की गार पडतो. हे सगळं मोटरच्या जिवावर.

आरव्हीत वर्षानुवर्षं बसवला जाणारा फ्रीज मात्र शोषण पद्धतीचा असतो. त्यात मोटर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. हॉटेलच्या खोलीत पलंगाशेजारी जो अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो (आणि ज्यातलं पाणी कधीच मनासारखं गार लागत नाही), तो बहुतेकदा याच जातीचा. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फोन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी ही रचना तयार केली आणि इलेक्ट्रोलक्सने ती १९२५ मध्ये बाजारात आणली. पुढे आइनस्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही हलत्या भागाविना चालणाऱ्या फ्रीजचं पेटंट घेतलं होतं, पण आरव्हीत टिकली ती स्वीडनच्या विद्यार्थ्यांची युक्ती. अमेरिकेत या फ्रीजवर दोनच नावं सर्रास दिसतात : डोमेटिक आणि नॉरकोल्ड.

## माठ नागपुरात गार होतो, मुंबईत नाही

आग लावून गारवा कसा मिळतो ते समजायला माठ पुरतो. माठातून झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता ओढून नेतं, म्हणून आतलं पाणी गार. पण तोच माठ मे महिन्यात नागपुरात दात शिवशिवतील इतका गार करतो आणि मुंबईत जेमतेम. कारण मुंबईच्या हवेत आधीच वाफ भरलेली असते. नवीन वाफेला जागाच नसते. नागपूरची कोरडी हवा मात्र पाणी भराभर पिते.

फ्रीजमध्ये पाण्याऐवजी अमोनिया असतो. मोकळ्या हवेत तो उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे वाळायला केव्हाही तयार. आणि नागपूरच्या कोरड्या हवेचं काम करायला आत हायड्रोजन भरलेला असतो. पातळ अमोनिया हायड्रोजनच्या संगतीत आला की त्याला आजूबाजूला अमोनियाची वाफ जवळजवळ नसल्यासारखी वाटते, आणि तो झपाट्याने वाळतो. ते जिथे घडतं ती नळी फ्रीजच्या आतल्या मागच्या भिंतीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना चिकटलेली असते. गारवा तिथला.

आता हा वाळलेला अमोनिया परत आणायचा कसा? अमोनियाला पाणी विलक्षण आवडतं. खाली नागमोडी नळीत पाणी झिरपत असतं, ते अमोनिया पिऊन घेतं आणि हलका हायड्रोजन वर परततो. अमोनिया प्यायलेलं हे पाणी उतरतं बॉयलरकडे. आग किंवा वीज लागते ती फक्त इथे, मागच्या बाजूच्या एका बोटभर जाड उभ्या नळीला. तापलं की अमोनिया बुडबुड्यांनी सुटतो, आणि चहा उतू जाताना फेस जसा वर चढतो तसे हे बुडबुडे पाणीही बरोबर घेऊन बारीक नळीतून चढतात. पंपाचं काम हेच. वर पाणी वेगळं होऊन परत झिरपायला जातं, अमोनियाची वाफ मागच्या जाळीत जाते. नळ्यांत बाहेरच्या हवेच्या वीस-पंचवीस पट दाब असतो, त्यामुळे ती पन्नास अंशांच्या आसपासही पातळ होते आणि पुन्हा पट्ट्यांकडे उतरते.

हे सगळं नुसत्या उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालतं. पुढच्या निम्म्या कटकटींचं मूळ या एका वाक्यात आहे.

## गाडी तिरकी असेल तर बटण कुठलं, हा प्रश्नच नाही

द्रव उतारावरून ओघळून परत यायचे असतील तर उतार बरोबर हवा. गाडी तिरकी उभी केली की नळीच्या एखाद्या वळणात पाणी साचतं, बॉयलरकडे पोचत नाही, आणि खालची आग मात्र चालूच. रिकामी कढई गॅसवर ठेवल्यासारखं होतं ते. नळी गंजू नये म्हणून पाण्यात सोडियम क्रोमेट विरघळवलेलं असतं. बॉयलर असा कोरडा तापला की ते खडे होऊन बारीक नळीत अडकतं. एकदा अडकलं की निघत नाही. एका रात्रीत फ्रीज मरेलच असं नाही, पण प्रत्येक तिरकी रात्र थोडी थोडी नळी बुजवत जाते.

मर्यादा साधारण अशी : फ्रीजच्या दाराकडे तोंड करून उभं राहिलं तर डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. ३ अंश म्हणजे मीटरमागे पाच सेंटिमीटरचा उतार. गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ फ्रीजच्या तळावर ठेवा आणि चाकाखाली फळ्या घालून बुडबुडा मध्यावर आणा. गाडीत नुसतं उभं राहून जे तिरकं जाणवतं, ते फ्रीजलाही तिरकंच असतं. चालत्या गाडीत हा धोका कमी, कारण हिसक्यांनी द्रव हलत राहतो, एका जागी साचत नाही.

## दोघांचं माप : ज्योत आणि कॉइल

आता आकडे. ६ ते ८ घनफुटांच्या नेहमीच्या फ्रीजचा बर्नर तासाला साधारण १,५०० बीटीयू उष्णता देतो. बीटीयू हे उष्णतेचं जुनं माप, तासाला ३.४ बीटीयू म्हणजे एक वॉट. म्हणजे ही ज्योत ४४० वॉटची झाली. घरच्या शेगडीचा लहान बर्नर सिमवर ठेवल्यासारखी. त्याच फ्रीजची विजेची कॉइल असते ३०० ते ३२५ वॉटची.

ज्योत मोठी, कॉइल लहान, असं वाटेल. पण ज्योतीची बरीच उष्णता धुराड्यातून वर निघून जाते आणि कॉइल बॉयलरच्या अंगाला चिकटून बसलेली असते. बॉयलरला पोचते ती उष्णता दोन्हीकडून साधारण सारखी. बनवणाऱ्याने हिशेबच तसा केलेला असतो.

गॅस किती दिवस पुरतो? अमेरिकेत आरव्हीवर दिसणारी नेहमीची टाकी २० पाउंडांची, म्हणजे ९ किलोंची. आपल्या १४.२ किलोंच्या घरगुती सिलिंडरहून लहान. शिवाय आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं, तर यात जवळजवळ निव्वळ प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होत राहतं, म्हणून तिकडच्या हिवाळ्यात तेच चालतं. २० पाउंडांत सुमारे ४,३०,००० बीटीयू. ज्योत क्षणभरही न विझता जळली तर बारा दिवस. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट ती मधूनमधून बंद करतो, त्यामुळे थंड हवेत दोन-अडीच आठवडे सहज निघतात. चार दारांचा मोठा १२ घनफुटी फ्रीज मात्र २,४०० बीटीयूंचा. त्याला सतत जाळला तर आठवडाभर.

वीज किती लागते? ३२५ वॉट चोवीस तास म्हणजे ७.८ युनिट. घरचा एकदारी फ्रीज दिवसाला अर्धा-पाऊण युनिट खातो, हे लक्षात घेतलं तर हा किती खादाड आहे ते कळेल. शोषण पद्धतीत घातलेल्या उष्णतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकाच गारवा मिळतो. आवाज नाही, झीज नाही, पण काटकसरही नाही.

खर्चाची गंमत अशी की दोन्ही जवळपास सारखेच पडतात. गॅलनभर प्रोपेनमध्ये ९१,५०० बीटीयू; रोज ३६,००० जाळले तर गॅलनचा चाळीस टक्के भाग, साडेतीन डॉलरच्या भावाने दीडेक डॉलर. ७.८ युनिट वीज सतरा सेंटच्या भावाने सव्वा डॉलरच्या आसपास. पण कॅम्पग्राउंडच्या (आरव्ही मुक्कामाला लावायच्या जागेच्या) रात्रीच्या भाड्यात वीज बहुधा धरलेलीच असते. म्हणून गाडी खांबावरच्या प्लगला जोडली असेल (तिकडे याला शोअर पॉवर म्हणतात) तर वीज वापरा. ‘ऑटो’ हेच करतो : वीज दिसली तर वीज, गेली की आपोआप गॅस. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्यांना मीटर वेगळा असतो. त्यांनी आपला भाव बघून ठरवावं.

## “पण गॅसवर जास्त गार होतो, हा अनुभव आहे”

अनुभव खरा असतो. कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. ज्योतीच्या आगीत काही जादू नाही. खांबावरची वीज कमी दाबाने येत असते.

जुलैची दुपार, जुनं कॅम्पग्राउंड, शंभर गाड्यांचे शंभर एसी (हे मात्र थंड हवेचे) एकदम चालू. १२० व्होल्टच्या जागी १०८ येतात. दिवा थोडा मंद होतो, कुणाच्या लक्षात येत नाही. पण कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : व्होल्टेज दहा टक्के कमी, तर उष्णता एकोणीस टक्के कमी. ३२५ वॉटची कॉइल २६३ वॉट देऊ लागते. १०४ व्होल्टला तर पाव उष्णता गायब. आणि ही तूट नेमकी अशा दुपारी पडते, जेव्हा बाहेर ३८ अंश असतात आणि फ्रीजला सगळ्यात जास्त गरज असते. गॅसला यातलं काहीच नाही. दाब नियंत्रकाने ठरलेल्या दाबावर ज्योत तेवढीच.

प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दुपारी तो ११० च्या खाली दिसला तर फ्रीज हाताने गॅसवर टाका, रात्री परत विजेवर आणा. ‘ऑटो’ला हे कळत नाही, त्याला वीज आहे की नाही एवढंच दिसतं.

## गॅस कुठे लंगडा पडतो

उंचीवर. ५,५०० फुटांच्या वर गॅसवर गारवा कमी पडू शकतो आणि ज्योत विझू शकते, असा इशारा नॉरकोल्डच्या पुस्तिकेतच आहे. हवा विरळ, ऑक्सिजन कमी, पण गॅस तेवढाच. ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, विझते.

आणि इथे यलोस्टोनची गोम आहे. यलोस्टोनचं सरोवर ७,७०० फुटांवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या पाऊणपट. उद्यानाच्या आत वीज-पाण्याची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात. बाकी सगळ्या कॅम्पग्राउंडांत प्लगच नाही. म्हणजे जिथे गॅस डळमळतो, तिथेच तुम्हाला गॅसवर राहावं लागतं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर (७,००० फूट) मेदर कॅम्पग्राउंडला वीज नाही, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला आहे. फ्रीज महत्त्वाचा असेल, औषधं किंवा इन्सुलिन ठेवायचं असेल, तर आरक्षण करताना हा फरक बघा. घाबरण्यासारखं फार नाही : उंचीवर रात्री चांगल्याच गार असतात, फ्रीजला काम कमी असतं, आणि स्वच्छ बर्नर बहुधा निभावून नेतो. अडतो तो काजळी धरलेला.

दुसरा शत्रू कोळी. बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, गांधीलमाशी मातीचं घर करते. धुराड्यात उष्णता अडवून धरायला पिळाची एक धातूची पट्टी टांगलेली असते. तिच्यावरचा गंज झडून थेट बर्नरवर पडतो. वर्षातून एकदा बाहेरची जाळी काढून, गॅस बंद करून, बर्नर ब्रशने आणि हलक्या हवेच्या झोताने साफ करावा. गॅस जिथून येतो ते सूक्ष्म छिद्र मात्र सुईने टोचू नये. छिद्र हजारांश इंचाने मोठं झालं तरी ज्योत बिघडते. ते काढून अल्कोहोलात बुडवून ठेवायचं. ज्योत निळी आणि सरळ हवी.

पहिल्या दिवशी फ्रीज ‘चेक’चा दिवा लावून गप्प बसला तर बहुधा नळीत हवा असते. आधी शेगडीचा बर्नर पेटवून मिनिटभर जळू द्या, मग फ्रीज बंद-चालू करा. दोन-तीनदा करावं लागेल.

आणि हे कुणी सांगत नाही : गॅसवरही फ्रीजला गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीची वीज लागते. ठिणगी पाडायला, गॅसची झडप उघडी धरायला, तापमान वाचायला. टाकी काठोकाठ भरलेली आणि बॅटरी मेलेली असेल तर फ्रीज बंदच.

## बॅटरीवर, इन्व्हर्टरवर, सोलरवर?

काही फ्रीजना ‘डीसी’ असं तिसरं बटण असतं. ते चालत्या गाडीसाठी, इंजिन बॅटरी भरत असताना. २०० वॉटची कॉइल १२ व्होल्टवर जवळपास १७ अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीची निम्मीच वीज वापरावी असा दंडक आहे. म्हणजे उभ्या गाडीत तीन तासांत खेळ संपला. शिवाय ही कॉइल बहुधा लहान असते, गार झालेला फ्रीज गार ठेवते, नव्याने गार करत नाही.

इन्व्हर्टर लावून एसीवर चालवणं त्याहून वाईट : ३२५ वॉट म्हणजे बॅटरीवर तीसेक अँपिअर. सोलरचंही गणित जमत नाही. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला युनिटभर देतं, याला लागतात जवळजवळ आठ.

## रस्त्यावर ज्योत चालू ठेवावी का?

आरव्हीवाल्यांत यावर भांडणं होतात. बरेच जण चालू ठेवतात आणि काही होत नाही. पण अपघातात गॅसची नळी तुटली तर जळती ज्योत शेजारीच असते. माझं मत : बंद करा, टाकीची झडपही. पूर्ण गार झालेला फ्रीज न उघडता ठेवला तर चार तास निर्धास्त असतो. वीज गेल्यावर अन्न टिकण्यासाठी अमेरिकेचा अन्न व औषध विभागही हीच मर्यादा सांगतो. दूर जायचं असेल तर बर्फाच्या दोन-तीन पिशव्या आत ठेवा. पेट्रोल भरताना मात्र मताचा प्रश्नच नाही : पंपावर वळण्याआधी ज्योत बंद.

काही बोगद्यांत प्रोपेन घेऊन जायलाच बंदी असते. बाल्टिमोरचे दोन्ही बंदर-बोगदे आरव्हीच्या नेहमीच्या टाक्यांना बंद आहेत. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाज धडकून तो पडला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे निघालेल्या मराठी कुटुंबांनी नकाशाच्या ॲपवर डोळे मिटून विसंबू नये. साधं ॲप गाडी बोगद्यात घालतं.

## मागची जाळी आणि पुढचा दरवाजा

गॅस-विजेच्या वादात ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ती गोष्ट म्हणजे फ्रीजच्या पाठीमागची हवा. आतून ओढलेली उष्णता आणि बॉयलरची उष्णता, दोन्ही मागच्या जाळीतून बाहेर जायच्या असतात. गाडीच्या बाजूला हवेचा खालचा झरोका, छपरावर वरचा. गरम हवा वर जाते, गार खालून येते. छपरावरच्या झाकणात पक्ष्याचं घरटं असेल किंवा नळ्या आणि गाडीची भिंत यांत मोठी पोकळी असेल तर हवा नळ्यांना न शिवताच निघून जाते. भिंतीकडून पत्र्याची आडोशी पट्टी लावून तिला नळ्यांकडे वळवतात आणि १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवतात. ज्या गाड्यांत फ्रीज बाहेर सरकणाऱ्या कप्प्यात असतो, त्यांत दोन्ही झरोके बाजूलाच असतात आणि हवा सगळ्यात वाईट खेळते. तिथे पंखे चैन नाही, गरज आहे. उन्हाची बाजू टाळून गाडी लावली तर फुकटात काही अंशांचा फायदा.

आता आतून. हा फ्रीज रिकामा गार व्हायला सहा-आठ तास घेतो, नीट स्थिरायला पूर्ण दिवस. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री लावा, आणि घरच्या फ्रीजमधून गार झालेलंच सामान त्यात ठेवा. २५ अंशांचं गॅलनभर दूध चार अंशांवर आणायला साधारण ९३ वॉट-तासांचा गारवा लागतो. ३२५ वॉटच्या फ्रीजची गारवा निर्माण करायची ताकद ६५ वॉट धरली तरी फक्त दुधावर दीड तास, तेही दार न उघडता. वरणाचा गरम डबा आत ठेवणं म्हणजे सगळ्यांच्याच दह्याचा घात. भरताना मागच्या पट्ट्यांसमोर जागा मोकळी ठेवा, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आत टाका, पट्ट्यांवर बर्फ चढला तर वितळवून काढा. आणि आकड्यांची बटणं नका बघत बसू. चार डॉलरचा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात घालून मधल्या फळीवर ठेवा. ४० फॅरनहाइट, म्हणजे ४ अंश सेल्सिअस, याच्या खाली हवा.

बाहेर ३८-४० अंश असताना निरोगी फ्रीजही काठावरच असतो. त्याला बिघाड समजू नये.

## दूध नासलं, दोष कुणाचा?

दोन इंधनांचा खरा फायदा इथे आहे : फ्रीज स्वतःच निदान सांगतो. दिवसभर विजेवर आणि दिवसभर गॅसवर चालवून बघा.

गॅसवर गार आणि विजेवर कोमट, तर गारव्याच्या नळ्या ठणठणीत आहेत. बिघाड विजेच्या बाजूला. व्होल्टेज बघा, मग कॉइल. ३२५ वॉटच्या कॉइलचा रोध ४४ ओमच्या आसपास यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली, आणि ती काही फार महाग नसते. मोठ्या फ्रीजना दोन कॉइल असतात. एक गेली की फ्रीज मरत नाही, नुसता रेंगाळतो, आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. उलट, विजेवर गार आणि गॅसवर कोमट, तर बर्नर, काजळी, धुराडं.

दोन्हीवर कोमट, तर आधी पाणसळ, मग मागची हवा, मग दाराचं रबर. रबरात डॉलरची नोट धरून दार लावा. ओढताना नोट अडली पाहिजे. हे सगळं ठीक असूनही गारवा नसेल तर नळ्या गेल्या. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा मुतारीसारखा झोंबरा वास आला तर शंकाच नको. ती भुकटी क्रोमेटची, विषारी; हात लावू नका. अमोनियाबरोबर हायड्रोजनही बाहेर पडतो आणि तो पेटतो. दोन्ही स्रोत बंद करा, दारं उघडा, बाहेर पडा. बॉयलरची नळी चिरून आग लागण्याच्या भीतीनेच २००६ मध्ये डोमेटिकने नऊ लाखांहून अधिक फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. नॉरकोल्डलाही २०१० मध्ये आपल्या १२०० मालिकेसाठी तेच करावं लागलं. जुनी गाडी विकत घेताना फ्रीजचा क्रमांक अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या यादीत बघून घ्या. जमिनीलगत लावलेला गॅसचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहेत ना, तेही. प्रोपेन हवेहून दीडपट जड, तो खालीच साचतो.

## मग कंप्रेसरवालाच का घेऊ नये?

नव्या गाड्यांत झपाट्याने तेच होतंय. १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रीज दिवसाला साधारण युनिटभर वीज खातो, तास-दोन तासांत गार होतो, गाडी तिरकी असली तरी कुरकुरत नाही, उंचीचं त्याला सोयरसुतक नाही. बहुतेक रात्री प्लगला जोडून राहणाऱ्याने किंवा छपरावर ४०० वॉटचं सोलर आणि लिथियम बॅटऱ्या असणाऱ्याने दुसरा विचार करू नये.

पण झाडीत, ढगाळ हवेत, प्लगपासून दहा दिवस लांब राहायचं असेल तर शंभर अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या त्याला दोन-अडीच दिवसच पुरवतात. तिथे नऊ किलोंची टाकी अजूनही राजा आहे.

शोषण फ्रीजचे सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक आरव्हीवाले नाहीतच मुळी. इंडियाना राज्यातले आमिश लोक (जुन्या वळणाची साधी राहणी जपणारा ख्रिस्ती पंथ) घरात सार्वजनिक तारेची वीज घेत नाहीत, त्यामुळे त्यांचे फ्रीज पिढ्यान्‌पिढ्या गॅसवर. आरव्हीच्या मेलेल्या फ्रीजच्या नळ्यांचा संच नव्याने बनवून देणारे कारागीरही त्यांच्यातच आहेत. फ्रीजचं खोकं तसंच ठेवून पाठीमागचा संच तेवढा बदलता येतो, आणि तो मूळच्या संचापेक्षा जाड नळ्यांचा असतो, असं जाणकार सांगतात. आता त्याच दुकानांतून त्याच खोक्याला पाठीमागे लावायचा १२ व्होल्टचा कंप्रेसरही मिळू लागला आहे.